मुळशीकाठी, शालनबाईंचा सेट

मुळशीला जाऊन येण्याला कोणी प्रवास म्हणणार नाही. कोथरूडहून सकाळी निघालेला माणूस धरणाचं पाणी बघून, भजी खाऊन दुपारच्या झोपेला घरी परत येतो. तरी हे लिहायला बसलो आहे, कारण त्या रस्त्याने मी तीसेक वर्षं गेलो नव्हतो, आणि मुद्दामच गेलो नव्हतो.

निमित्त जावयाचं झालं. उदय हिंजवडीत नोकरी करतो आणि माझ्यामुळे त्याला हौशी रेडिओचा नाद लागला आहे. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकारचा परवाना काढायचा, स्वतःच्या सेटवरून हवेत हाक मारायची आणि कुठून कोण ओ देतं ते ऐकत बसायचं, एवढाच हा छंद. आमच्या काळी जो तो आपला सेट आपण बांधायचा. बॉलपेनच्या नळीवर तार गुंडाळून कॉइल करायची आणि सोल्डरचा डाग देताना बोटं भाजून घ्यायची. आता उदयच्या खिशात अंगठ्याएवढी डबी असते. ती लॅपटॉपला लावली की तोच रेडिओ होतो, फक्त ऐकण्यापुरता. आवाज तर येतोच, शिवाय हवेतल्या लहरी पडद्यावर दिसतात. निळ्या पाण्यासारखं चित्र वरून खाली सरकत राहतं आणि कोणी बोलायला लागलं की त्यात पिवळा पट्टा उमटतो.

उदयच्या गटाला बघायचं होतं की पावसाळ्यात दरड येऊन वीज आणि मोबाइल दोन्ही गेले, तर धरणाकाठच्या वाड्यांवरून लेखी निरोप रेडिओने बाहेर काढता येतील का. त्यासाठी पाण्यालगत, जरा उंचावरचं ओळखीचं घर हवं होतं.

"बाबा, तुमचं कोणी आहे का त्या बाजूला?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. त्यानंतर निघेपर्यंत मला नीट जेवण गेलं नाही.

भुकूमच्या पुढे

दिवाळी नुकतीच झाली होती. हिने शालनबाईंसाठी फराळाचा मोठा डबा भरून दिला. तो पिशवीत मावेना, म्हणून मी वरचं एक काळं पाकीट काढून बैठकीत ठेवलं. त्या पाकिटात काय होतं ते पुढे येईलच.

भुकूमला मी खिडकीची काच खाली केली. इथे एका बांधावर आम्ही स्कूटर लावून चहा प्यायचो, मी आणि माझा रेडिओवाला मित्र पानसे. मागच्या सीटला अॅल्युमिनियमच्या नळ्या बांधलेल्या असायच्या. आमची अँटेना बघून शेतातली माणसं विचारायची, "मासं धरायला निघालाव व्हय?" आता तो बांध कुठल्या इमारतीच्या पार्किंगखाली गेला असेल ते सांगता येणार नाही. पिरंगुटचा घाट मात्र ओळखीचा निघाला. त्याच्या माथ्यावर आलं की आमच्या सेटवर पुण्याचे आवाज विरायचे आणि मुळशीचे उमलायचे. उदयला मी ते सांगितलं. "म्हणजे बाबा, पुण्याची रेंज गेली की तुम्हाला आनंद व्हायचा," तो म्हणाला. खोटं नव्हतं.

पौडला बाजारात मिसळ खाल्ली. पुण्यात मिसळीबरोबर पाव मोजून देतात आणि तिखट किती हवं ते विचारतात. इथे दुकानदार न विचारता रस्सा वाढत होता. उदय घाम पुसत म्हणाला, "आता सांगा, ह्या बाई कोण?"

मला सांगावंच लागलं. शालन ढमाले. धरणाकाठच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. आमच्या क्लबात बायका नव्हत्याच. ह्या एसटीने पुण्याला येऊन परीक्षा पास झाल्या आणि त्यांनी स्वतःचा सेट स्वतः बांधला. एकदा तलावाकाठी सायकलींची शर्यत होती आणि निरोपांचं काम आमच्या क्लबाकडे होतं. शाळेच्या गच्चीवर माझं टेबल होतं. सगळ्यांनी मला निरोप द्यायचे, मी पुढे पाठवायचे. खाली अंगणात, शर्यत संपायच्या रेषेवर शालनबाई आपला सेट घेऊन बसल्या होत्या. त्यांचा सातवीचा वर्ग भोवती उभा होता.

"मग?"

"मग त्यांनी मला हाक मारली आणि त्यांचा आवाज माझ्या सेटवर सगळीकडे पसरला. कुठल्याही वाहिनीवर जावं तर तिथे बाई. लांबचा एकही माणूस ऐकू येईना. मी हवेतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, 'बाई, तुमचा सेट घाण आहे. बंद करा.'"

"आणि त्यांनी बंद केला?"

"केला. नंतर क्लबच्या अहवालातही मी तसंच लिहिलं. त्यानंतर त्या कधी हवेत आल्या नाहीत."

उदयने पुढे विचारलं नाही. त्याला वाटलं गोष्ट संपली. ती संपली नव्हती, पण मिसळीच्या टेबलावर माझ्याने पुढे बोलवलं नाही.

शालनबाईंच्या अंगणात

माले गाव मागे पडल्यावर डाव्या हाताला पाणी दिसायला लागलं. दोन्ही बाजूंच्या खाचरांतलं भात कापून झालं होतं आणि हवेत पेंढ्याचा वास होता. बाईंच्या वाडीवर पाटी होती, 'घरगुती जेवण व राहण्याची सोय'. दोन खोल्या त्यांच्या भाच्याने शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. अंगणात एक बाई सुपाने भात पाखडत होत्या. त्या हौसाबाई, शालनबाईंच्या भावजय.

"आवं या की! उनात कशापायी हुबं ऱ्हायलाय? अवो वन्सं, तुमचं रेडूवालं आलं!"

आतून शालनबाई आल्या. केस पांढरे, पाठ ताठ, डोळ्यांवर जाड चष्मा. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लेलेसाहेब, बारीक झालात. बसा. जावई का हे? बसा, उदयराव." जशी मधली वर्षं गेलीच नव्हती. मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

उदयने सामान मांडलं. अंगणाच्या कडेला बांबूवर अँटेना चढवली, लॅपटॉप उघडला आणि मग पिशवीत हात घालून तो थांबला.

"बाबा, काळं पाकीट?"

"कुठलं?"

"बोलायच्या सेटची विजेची वायर होती त्यात. वेगळी पिन असते तिला, पौडला मिळणार नाही."

फराळाचा डबा चौथऱ्यावर होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. हौसाबाईंना प्रकार कळला आणि त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "चकल्यांवर चालत न्हाई व्हय तुमचं यंतर?"

माझ्या खिशात हातातला छोटा सेट होता, पण त्याला लॅपटॉप जोडायची सोय नाही. उदयचा चेहरा पडला. तेव्हा शालनबाई आत गेल्या आणि दोन्ही हातांनी एक करड्या रंगाची पेटी घेऊन आल्या. तिच्यावर वाळलेल्या झेंडूची माळ होती आणि पुढच्या पत्र्यावर हळदकुंकवाची बोटं उमटली होती.

मी ती पेटी ओळखली.

"चालतो?" उदयने विचारलं.

"न चालायला काय झालं?" हौसाबाई म्हणाल्या. "खंडेनवमीला सगळी कोयतं-विळं पूजत्यात, आमच्या वन्सं ह्ये पूजत्यात. पुजून न्हाई भागत, चालू करून बगत्यात."

पुण्यात आम्ही खंडेनवमीला स्कूटरला हार घालतो आणि विसरतो. इथे हत्याराची पूजा म्हणजे आधी त्याला धार लावायची, मग कुंकू. शालनबाई दर वर्षी सेट उघडत, पुसत आणि चालवत. पण अँटेना लावत नसत. तिच्या जागी एक रोध जोडत. त्याने लहर बाहेर न पडता तिथल्या तिथे उष्णता होऊन जिरते. सेट बोलायचा आणि कोणाला ऐकू जायचं नाही.

उदय नियमाला पक्का. त्याने अदबीने विचारलं, "परवाना आहे ना अजून?"

"मुदत संपायच्या आत दर वेळी नवा करून घेतलाय."

"पण तुम्ही तर बोलतच नाही."

"मास्तरीण आहे मी, उदयराव. गैरहजर राहायचं तरी पटावर नाव असावं लागतं."



उदयने लॅपटॉपचा आवाज बाईंच्या सेटच्या माइकच्या तोंडाशी जोडला. लेखी निरोपाचे संगणक सूर करतो, सेट ते सूर पाठवतो आणि पलीकडचा संगणक त्यांची पुन्हा अक्षरं करतो. पलीकडचा संगणक म्हणून त्याने दुसरा लॅपटॉप आणि ती डबी अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. त्याने बटण दाबलं.

पडदा पिवळा झाला. एक पट्टा यायच्या ऐवजी सगळ्या निळ्यावर पट्टेच पट्टे उमटले, जवळ, लांब, जिथे काही असायचं कारण नाही तिथेही. खाली अक्षरांच्या जागी नुसता कचरा उतरला. उदयने पुन्हा पाठवून पाहिलं. तेच.

"अरेरे," तो भाबडेपणाने म्हणाला. "सेट घाण आहे हा."

हौसाबाईंचं सूप थांबलं. शालनबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे. साहेबांनी मागेच सांगितलंय. दर वर्षी उघडून बघते. कॉइल बदलून झाल्या, क्रिस्टल बदलून झालं. पण दोष काही सापडत नाही मला."

तीस वर्षं एक शहाणी बाई नसलेला दोष शोधत होती. आणि दोष कुठे होता ते मला माहीत होतं. त्या दिवशीच्या आठवड्यातच कळलं होतं.

"उदय," मी म्हणालो, "त्या डबीचा गेन किती ठेवलाय?"

गेन म्हणजे बारीक आवाज मोठा करून ऐकायची पट्टी. लांबचं ऐकायला ती वर चढवतात.

"पूर्ण. लांबचं पकडायचं म्हणून."

"खाली आण. अगदी खाली."

त्याने पट्टी ओढली. पडद्यावरचे पट्टे एकेक करून विझले, देवळातले दिवे मालवत जावेत तसे. शेवटी मधोमध एकच पट्टा उरला, सरळ आणि बारीक. तो ठरल्या जागेपेक्षा किंचित बाजूला होता. "वयाने थोडा सरकलाय," म्हणत उदयने डबी तिथे जुळवून घेतली आणि खाली अक्षरं उतरली, 'चाचणी चाचणी'.

"म्हणजे सेट चांगला आहे!" उदय ओरडला. "आपल्याच कानात ओरडल्यासारखं झालं होतं. शेजारचा सिग्नल इतका जोरात की डबीच गोंधळली."

मग मी बोललो. म्हणालो, "बाई, शर्यतीच्या आधी मी एक बूस्टर बांधला होता. अँटेना आणि सेटच्या मध्ये लावायचा. त्याने ताम्हिणीवरचा पानसेही जवळ बसल्यासारखा ऐकू यायचा. मला त्याचा फार अभिमान होता. तुम्ही खालीच अंगणात होतात. त्याला तुमचा जोर झेपला नाही आणि त्याने तुम्हाला सगळीकडे पसरवलं. बूस्टर काढून एकदा ऐकायला हवं होतं. मी नाही ऐकलं. संध्याकाळी तार गुंडाळताना पानसे म्हणाला, 'मला तर बाई स्वच्छ येत होत्या.' त्याच आठवड्यात माझ्या घराजवळून एकजण बोलला आणि त्याचाही आवाज तसाच पसरला, तेव्हा माझी खात्री झाली. अहवाल तोवर गेला होता. मी बूस्टर कपाटात टाकला आणि गप्प बसलो."

खालून तलावावर कोणाची तरी होडी हाकारण्याचा आवाज आला.

शालनबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "गेन कमी केलात तर घाणही कमी दिसणारच. हा पुरावा नव्हे. उद्या पलीकडच्या काठावर जा, गेन पूर्ण ठेवा, आणि मग बघा."

"अवो वन्सं," हौसाबाई न राहवून म्हणाल्या, "त्यो मानूस चुकलो म्हणतूया, आन तुमी परीक्षा घेताय व्हय त्येची?"

"त्यांची न्हाई. माज्या सेटची." वहिनींशी बोलताना बाईंची भाषा गावची झाली. "त्यांनी घाण म्हणलं ते मी बगितल्याबिगर मानलं. आता स्वच्छ म्हणत्यात, तेबी बगितल्याबिगर मानू व्हय?"

रात्री जेवायला आंबेमोहोराचा नवा भात होता आणि खाचरातल्या खेकड्यांचं कालवण. आमच्या घरी खेकडा शिवत नाहीत. मी दोनदा वाढून घेतलं. हौसाबाईंनी खेकड्याचा डेंगा कसा फोडायचा ते दाखवलं आणि उदयला म्हणाल्या, "सासऱ्याला फोडून दे की रं, जावई हायेस का कोण!" शालनबाई जेवताना पानसेच्या प्रकृतीबद्दल बोलल्या, कापणीबद्दल बोलल्या, त्या विषयावर अक्षर बोलल्या नाहीत.

पलीकडचा काठ

सकाळी तलावाला वळसा घालून पलीकडे गेलो. रस्ता निम्मा चांगला, निम्मा गाडीचं पोट घासणारा. मध्ये म्हशींचा कळप आडवा आला. त्यांचा राखण्या उदयच्या कारवरची अँटेना बघून म्हणाला, "मासं धरायला निघालाव?" मला इतकं बरं वाटलं की मी 'व्हय' म्हणालो.

एका उतारावर, वाळलेल्या गवतात आम्ही बसलो. समोर रुंद पाणी, त्यापलीकडे हिरव्या पट्टीवर बाईंच्या घराचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं. डबी लावली. गेन पूर्ण चढवला. मी माझ्या छोट्या सेटवरून बाईंना सांगितलं की तयार आहोत. अंगणातला लॅपटॉप कसा चालवायचा ते त्या आदल्या संध्याकाळीच शिकल्या होत्या.

निळ्यात मधोमध एक पट्टा उतरला. एकच. दोन्ही बाजूंना नुसतं निळं. खाली अक्षरं आली:

'शालन ढमाले. सातवीचा वर्ग हजर नाही. बाकी सर्व ठीक.'

उदय हसला. मला हसू आलं नाही.

तो रविवार होता. रविवारी सकाळी आमच्या क्लबचा फेरा असतो. डोंगरावर एक यंत्र आहे, रिपीटर, ते एकाचं बोलणं उचलून पुन्हा सगळ्यांना ऐकवतं. जो तो आपली हजेरी देतो, खोकला-गुडघे सांगतो. माझी पाळी आली तेव्हा मी माझं नाव सांगितलं आणि म्हणालो, "आज मला एक दुरुस्ती करायची आहे." जे अंगणात बोललो तेच पुन्हा बोललो, बूस्टरसकट, पानसेच्या सांगण्यासकट, गप्प बसण्यासकट. शेवटी म्हणालो, "शालनबाईंचा सेट त्या दिवशी स्वच्छ होता. आजही आहे. मी समोर बघतो आहे."

मग पानसेचा आवाज आला, कातर पण खणखणीत.

"लेले, मी तेव्हाच सांगितलं होतं! पण तुला ऐकू कुठे येत होतं? एवढा मोठा बूस्टर लावून!"

कोणीतरी हसलं. बाकीचे चाचपडत काहीबाही बोलले. त्यांतल्या बहुतेकांनी शालनबाईंचं नावही कधी ऐकलं नव्हतं. तेव्हा ते शाळेत होते. शर्यतीच्या दिवशी हवेत असलेल्यांपैकी, बाई सोडल्या तर, आता पानसे आणि मीच उरलो आहोत. इतकी वर्षं मी ज्यांच्यासमोर खोटा पडायला भीत होतो, ते मला खोटं म्हणायला उरलेच नव्हते.

आणि मग, कोणी बोलावल्याशिवाय, तो आवाज आला. वर्गाला गप्प करणारा.

"लेलेसाहेब, ऐकलं. थेट वाहिनीवर या. इथला रिपोर्ट नको, तो डोंगराचा असतो."

आमच्यात एक रीत आहे. कोणी हाक मारली की बाकी बोलण्याआधी त्याला सांगायचं, तू मला कसा येतोस. पाचांपैकी किती स्पष्ट, नवांपैकी किती जोरात. अनोळखी माणसालाही हा रिपोर्ट दिल्याशिवाय पुढे बोलत नाहीत. त्या दिवशी बाईंनी मला हाक मारली तेव्हा मी तो दिला नव्हता. सेट बंद करा, एवढंच सांगितलं होतं.

मी वाहिनी बदलली. आता मध्ये डोंगर नव्हता, रिपीटर नव्हता. फक्त पाणी होतं.

"बोला बाई."

"मी हाक मारली होती, साहेब. रिपोर्ट राहिलाय."

उदयने पडदा माझ्याकडे वळवला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटून नुसतं ऐकलं, पूर्वी ऐकायचो तसं.

"पाच-नऊ," मी म्हणालो. "पाच-नऊ, बाई."

थोडा वेळ पट्टा तसाच उभा राहिला, म्हणजे बाईंनी बटण दाबून धरलं होतं आणि बोलत नव्हत्या. हौसाबाईंचा आवाज लांबून आला, "काय म्हनलं? काय म्हनलं वो?" मग बाई म्हणाल्या,

"पोचला. आता हे लिहून काढा. हवेतलं हवेतच राहतं. त्या दिवशी माझ्याभोवती उभी होती ती पोरं रेडिओ ऐकत नाहीत. वाचणारी निघतील एखाददुसरी. आणि डबा न्यायला या, तो रिकामा पाठवायची रीत नाही आमच्यात."

डब्यातून आंबेमोहोर घेऊन आलो. रोज थोडा शिजतो, आणि शिजताना घरभर वास सुटतो.

त्या वर्गातले तुम्ही आता चाळिशी ओलांडली असेल. कोणी पिरंगुटला कारखान्यात असाल, कोणी जमीन विकून भुकूमला राहायला गेला असाल. तुम्हाला आठवत असेल तर गच्चीवरून एक साहेब ओरडला होता आणि बाईंनी तुमच्यासमोर सेट बंद केला होता. त्या दिवशी बाई तुम्हाला काहीच म्हणाल्या नसणार. म्हणून मी सांगतो. सेट स्वच्छ होता. दोष गच्चीवर होता.